मऊ हवं, मिळमिळीत नको

सत्तरीनंतर काय खावं यावरचे बहुतेक लेख खरं तर मुलांसाठी आणि सुनांसाठी लिहिलेले असतात. ‘त्यांना’ हे द्या, ‘त्यांना’ ते देऊ नका, अशी त्यांची भाषा. हा लेख थेट ‘त्यांच्या’साठी आहे. म्हणजे ज्यांचे सगळे दात आता स्वतःचे राहिलेले नाहीत, ज्यांच्या गोळ्यांनी टेबलाचा एक कोपरा अडवला आहे आणि तरीही जे रोज गॅसपाशी उभं राहून आपल्यापुरतं, फार तर दोघांपुरतं शिजवतात, त्यांच्यासाठी.

डॉक्टर सांगतात मीठ कमी, तेल कमी, तिखट कमी. घरी येईपर्यंत त्याचा अर्थ होतो चव कमी. मग ताटात येतो पांढरा भात, पांढरं दही, उकडलेला दुधी. दोन दिवस शहाण्यासारखं खाऊन होतं, तिसऱ्या दिवसापासून ‘आज भूक नाही’ सुरू होतं. वय झालं की नाकाची आणि जिभेची जाण मंदावते. काही औषधांनी लाळही कमी सुटते, म्हणून कोरडी पोळी घशाशी अडते. अशा तोंडाला चव जास्त लागते आणि घास ओला लागतो. या वयात प्रयत्न न करता वजन उतरू लागलं, तर ‘बरं झालं, हलकं वाटतंय’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

मराठी ताटात यावर उपाय आधीपासून आहे. उजवीकडे पोट भरणारं मऊ, साधं अन्न आणि डावीकडे जिभेला जाग आणणारं थोडंथोडं. आजारपणाच्या नावाखाली आपण पहिल्यांदा डावी बाजूच काढून टाकतो. माझं म्हणणं उलट आहे. उजवी बाजू हवी तेवढी मऊ करा, पण डावी जपा.

मऊ भात, नीट केलेला

मऊ भात काय, कुणालाही जमतो, असं म्हणतात. पण पाणी जास्त झालेला भात वेगळा आणि मऊ भात वेगळा. एका माणसाला पाव वाटी तांदूळ आणि दोन चमचे मुगाची डाळ पुरते. तांदूळ आंबेमोहोर असला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी. याहून स्वस्त हवा असेल तर दुकानात तांदळाची कणी मागा, या कामाला ती अख्ख्या तांदळाहून सरस. बासमती मात्र नको. त्याचं दाणा-दाणा सुटं राहणं पुलावात शोभतं, इथे त्याची अडचणच होते.

डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. पावणेदोन वाट्या पाणी, चिमूटभर हिंग आणि अगदी थोडं मीठ घालून छोट्या कुकरात चार शिट्ट्या करा, मग पाच मिनिटं मंद गॅसवर ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडल्यावर खरं काम सुरू होतं. डावाने भात चांगला घोटायचा आणि अर्धी वाटी कढत पाणी घालून पुन्हा एक चटका द्यायचा. ताटात घेताना तो हवा त्यापेक्षा जरा पातळ दिसला पाहिजे, कारण निवताना घट्ट होतो. वर चमचाभर तूप आणि मेतकूट.

मेतकूट हे काही नुसतं तोंडी लावणं नव्हे. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, थोडे गहू-तांदूळ, मेथ्या, जिरे, धणे, सुंठ, हिंग, हळद असं सगळं वेगवेगळं भाजून केलेलं ते पीठ आहे. म्हणजे भातावर पडते ती भाजलेली डाळच. विकतचं घेताना लहान पाकीट घ्या आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. वास गेलेलं मेतकूट खाण्यात काही अर्थ नाही. पावसाळ्यात भूक मेलेली असते तेव्हा तेच मेतकूट दह्यात कालवा, वर हिंग-जिऱ्याची फोडणी द्या. भात आपोआप दोन घास जास्त जातो.

मधुमेह असेल तर एक लक्षात ठेवा. भात जितका मऊ शिजतो आणि घोटला जातो, तितकी साखर लवकर चढते. म्हणून तुमच्यासाठी डाळ-तांदूळ निम्मे-निम्मे, वाटी लहान, आणि आधी भाजी किंवा कोशिंबीर. भात पूर्ण बंद करायची गरज सहसा पडत नाही. पण तुमचे आकडे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतात, मला नाही.

कोकणात आणि गोव्यात हेच काम उकड्या तांदळाची पेज करते. सकाळी दहा-अकराला गरम पेज, बरोबर खारातल्या कैरीची फोड किंवा सुकटीचं किसमूर. खारातली कैरी आणि सुकट दोन्ही खारट असतात, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी फोड बोटाच्या पेराएवढी घ्यावी आणि पेजेत वेगळं मीठ घालू नये.

भाकरी थापवत नाही तेव्हा

संधिवाताने बोटं आखडली की पहिली सुटते ती भाकरी. गुडघ्यांनी मांडी सोडलेली असते, मनगट थापताना दुखतं, आणि विकतची भाकरी संध्याकाळपर्यंत वातड होते. अशा वेळी पीठ तेच ठेवून रूप बदलायचं.

ताकातली उकड हा मला यातला सर्वांत मोठा आधार वाटतो. अर्धी वाटी तांदळाचं पीठ दीड वाटी आंबट ताकात गुठळी न होता कालवून ठेवा. पातेल्यात दोन चमचे तेल, हिंग, जिरे, हळद, ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या, एखाद्या मिरचीचे मोठे तुकडे (म्हणजे वेचून बाजूला काढता येतात) आणि कढीलिंब. त्यात कालवलेलं ताक ओतून सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांत गोळा होऊ लागतो. मग मीठ घालून झाकण ठेवा आणि मंद गॅसवर पाच-सात मिनिटं वाफ काढा. खाताना वर कच्चं तेल. तूपही चालतं, पण लहानपणी कच्चं तेल घेऊन खाल्लेली उकड ज्यांना आठवते त्यांना तूप पटणार नाही. निम्मं तांदळाचं आणि निम्मं ज्वारीचं पीठ घेतलं तर आणखी बरं.

विदर्भातली उकडपेंडी याच घराण्यातली. जाडसर कणीक कोरडी खमंग भाजायची, कांद्याच्या फोडणीत घालायची आणि ताक-पाण्याचा हबका मारत वाफवायची. दात नसतील तर हबके दोन-तीन जास्त. ज्वारीचा रवा काढून आणला तर कण्या होतात, ताकात कालवून त्या दुपारच्या उन्हात उत्तम लागतात. नाचणीची आंबील सगळ्यांना माहीतच असते. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून रोजच्या वाटीत तिला जागा ठेवावी.

धिरडं तर दहा मिनिटांचं काम. भाजणीचं थालीपीठ कडक लागत असेल तर तेच पीठ सैल भिजवून धिरड्यासारखं पसरा आणि झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी वाफवा. कुरकुरीत कडा गेल्याचं दुःख होईल. लोण्याचा गोळा ते बरंच हलकं करतो.

डाळ, कुळीथ, अंडं

एकट्या माणसाच्या जेवणातून सगळ्यांत आधी प्रथिनं गळतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी पोळी-भाजी, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री दूध-पोळी. पोट भरतं, पण पायांतली ताकद जाते. खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागू लागला की समजावं. प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं मानतात. वयस्करांसाठी मात्र बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईंना ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून सहा-सात, तीस ग्रॅम कोरड्या मूगडाळीतून सात. बेरीज करून पाहा, चहा-बिस्किटांवर काही ती जुळत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशोब डॉक्टरांनीच करायचा.

कुळथाची पिठी घरात असली की अर्धी काळजी मिटते. दोन मोठे चमचे पिठी दीड वाटी पाण्यात कालवायची. तेलात लसूण, हिंग, हळद, तिखट टाकून त्यावर हे ओतायचं, दोन आमसुलं आणि बेताचं मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळू द्यायचं. पातळ ठेवलं तर वाटीने पिता येतं, घट्ट केलं तर भातावर घेता येतं. पश्चिम महाराष्ट्रात हेच धान्य हुलगे म्हणून येतं आणि त्याचं माडगं होतं. सर्दी-पडशात त्याहून चांगलं काही नाही, असं म्हणणारी माणसं गावोगाव भेटतील. सर्दी बरी होते की नाही हा मुद्दा वेगळा, घसा मात्र शेकून निघतो.

वरणाचं एक तंत्र बसवून घ्या. सकाळी अंगात उत्साह असतो तेव्हा एकदाच घट्ट वरण लावायचं. दुपारी साधं वरण, तूप, लिंबू. उरलेलं निवलं की लगेच फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळी त्यातच पाणी, गूळ, आमसूल, गोडा मसाला घालून उकळी आणायची आणि सकाळच्या कणकेची वरणफळं सोडायची. फळं शंकरपाळ्याएवढी लहान आणि पातळ कापा. मोठी फळं बुळबुळीत असतात, न चावता घशात उतरतात आणि तिथेच अडकतात.

अंडं खात असाल तर कांदा-टोमॅटो शिजवून त्यात अंडं फोडून मंद आचेवर मऊ भुर्जी करा. मासे खाणाऱ्यांनी काटेरी तारल्या-पेडव्यांऐवजी ओले बोंबील आणावेत. कालवणात त्यांचा काटासुद्धा मऊ पडतो. मटणाचा तुकडा चावत नसेल तर खिमा आहे.

डावी बाजू

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, ब्रेड सगळं आलं. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो, हे सहसा लक्षात येत नाही. तेव्हा मीठ कमी करायचंच, पण त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. लिंबू, आमसूल, चिंच, आंबट ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड, हिंग, ओला नारळ, कोथिंबीर, तुपात परतलेली लसूण यांतलं काही ना काही रोज ताटात असलं की मीठ कमी पडल्याचं लवकर कळत नाही. शिजवताना थोडं कमी घालावं, घास चाखावा आणि मगच वरून चिमूट घ्यायची की नाही ते ठरवावं. बाजारात ‘कमी सोडियम’चं म्हणून मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

कोशिंबिरीतली काकडी कोचवण्याऐवजी किसून घ्या, दाण्याचं कूट अगदी बारीक करा. गाजर आणि बीट किसून एक वाफ दिली तर दह्यात छान मिसळतात. लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत आणि पिकल्या केळ्याची कोशिंबीर यांना तर दात लागतच नाहीत. कवळी असणाऱ्यांना सांगायला नको, पण नव्याने कवळी बसवलेल्यांना सांगते: तीळ, खसखस, पेरूच्या आणि वांग्याच्या बिया, फोडणीतली मोहरीसुद्धा कवळीखाली शिरते आणि हिरडी सोलवटते. फोडणी जिऱ्याची करा. तिळाची चटणी आवडत असेल तर तीळ भाजून पीठ होईतो दळा. साबुदाण्याची खिचडी कवळीला चिकटते. उपवासाला राजगिऱ्याच्या पिठाची लापशी किंवा भगर आणि दाण्याची आमटी सोपी जाते. भगर मात्र स्वच्छ पाकिटातली, ताजी आणि थोडीच आणा. गेल्या काही वर्षांत उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे वारंवार आल्या आहेत. ती निवडून, धुऊन घ्यावी. विकतचं, कधी दळलं ते ठाऊक नसलेलं पीठ घेऊ नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी कडक उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

लोणचं बंद करा, असं मी सांगणार नाही. लिंबाचं जुनं, मुरून काळं पडलेलं गोड लोणचं नखाएवढं घेतलं तरी मऊ भाताला अर्थ येतो. बरणी टेबलावर ठेवू नका, एवढं पथ्य पुरे.

रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत असाल तर पालेभाज्या सोडू नका. फक्त त्यांचं प्रमाण आठवड्यामागून आठवडा साधारण सारखं ठेवा. एकदम रोज पालक, मग महिनाभर काहीच नाही, असं केलं की औषधाचं गणित बिघडतं.

हात, डोळे, कान

आयुष्यभर आठ-दहा माणसांचा अंदाज बसलेल्या हाताला दोघांचा स्वयंपाक अवघड जातो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्यांची मापं घरोघर पोचवली, तीच आता उलट दिशेने वापरायची. घरातली सर्वांत लहान वाटी ‘माझी वाटी’ ठरवा आणि सगळं तिनेच मोजा. दीड-दोन लिटरचा कुकर, दोन कानांची छोटी कढई, हलका तवा, एवढं पुरतं. जड लोखंडी तवा एका हाताने उचलण्याचा मोह सोडा.

शिट्ट्या ऐकू येत नसतील किंवा मोजताना विसरायला होत असेल, तर मोबाईलवर मिनिटांचा गजर लावा. चिरणं, निवडणं जेवणाच्या टेबलाशी बसून करा. विळीसाठी जमिनीवर बसून पुन्हा उठण्याची कसरत आता कशाला? मंडईत आणि मुंबईतल्या स्टेशनांबाहेर निवडलेली मेथी, चिरलेली गवार, सोललेले मटार मिळतात. त्यात कमीपणा नाही. फक्त घरी आणून स्वच्छ धुवा आणि त्याच दिवशी वापरा. ओट्याशी सुती साडी किंवा गाऊन असावा, पदर खोचलेला. वास नीट येत नसेल तर रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावा आणि गॅसगळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. नाक दगा देत असेल, तर शिळ्या अन्नाचाही वास येत नाही. म्हणून डब्यावर तारखेची चिठ्ठी लावा. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवा. सकाळी त्याचा फोडणीचा भात करताना तो सगळीकडून कढत झाला पाहिजे.

पाणी पिताना ठसका लागणं, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणं या गोष्टी ‘घाईने खाल्लं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. सरळ बसून खा, पलंगावर रेलून नको, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका. गोळी गिळवत नाही म्हणून शिकरणात कुटून घालण्याआधी औषधाच्या दुकानात विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात.

आणि जे आजवर चहापलीकडे गेले नाहीत त्या आजोबांसाठी: आधी मऊ भात, तो जमला की उकड, मग टोमॅटोचं सार. या तीन पदार्थांवर महिना निघतो. चौथ्या आठवड्यात तुम्हीच बायकोच्या हिंगाच्या डब्याचा ब्रँड शोधत दुकानात उभे असाल.

एकट्याने दोन भाज्या, वरण, भात असं रोज रांधणं कुणालाच पटत नाही, म्हणून स्वयंपाक वाटून घ्या. एकाच मजल्यावरच्या दोघी-तिघींनी वार ठरवावेत. एकीने वरण लावायचं, दुसरीने फळभाजी करायची, तिसरीने कोशिंबीर, आणि दुपारी बाराला डबे फिरवायचे. जमेल त्या दिवशी एकत्र बसून खावं. कुणाला मीठ चालत नाही, कुणाला गूळ, ते आधीच सांगून ठेवावं आणि मीठ सर्वांत कमी खाणाऱ्याच्या मापाने घालावं. आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बोलून घ्या. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा आपला जुना रिवाज या व्यवस्थेत अजिबात पाळायचा नाही. नाहीतर डब्यात घालायला म्हणून रोज काहीतरी तळत बसाल. डबा धुऊन, पुसून, रिकामाच परत करायचा.